छकडीबाहेरचा पाय

माझ्या डाव्या पायाला, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने, तळहाताएवढी एक जागा आहे. तिथे मला आजही काही कळत नाही. डास बसतो, पोटभर पितो, उडून जातो. मला पत्ता लागतो तो नंतर गांधी उठलेली दिसते तेव्हा. आंघोळीला बसलो की पाणी किती गरम आहे ते मी आधी हाताने पाहतो, मग त्या जागेवर तांब्या ओततो. इतक्या वर्षांत ही सवय गेली नाही.

ती जागा मला वऱ्हाडात मिळाली, कापसाच्या तेजीच्या वर्षांत. मी तेव्हा विशीत होतो.

माझं गाव कोकणात, खाडीच्या काठी. पंतोजींच्या शाळेत तीन वर्षं काढली, धुळाक्षरांच्या थोडा पुढे गेलो, आणि मग घरी खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून मामाबरोबर गलबतात बसून मुंबईला आलो. तिथे कापसाच्या गाठी उचलता उचलता एक गोष्ट लक्षात आली. चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढला की त्याचा धागा किती लांब निघेल हे मला चटकन कळतं. एवढा एकच गुण माझ्याजवळ होता. तो एका व्यापाऱ्याच्या नजरेला पडला आणि त्याने मला अमरावतीला पाठवलं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि त्यापायी अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती. गाडी आली की बोऱ्यात, म्हणजे कापसाच्या मोठ्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढून काढायचा, आणि तो ओला आहे की कोरडा, त्यात माती-सरकी किती, ते सांगायचं. हे माझं काम.

राहायला बडनेऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात, पाटलांच्या घरी. त्यांचा कापूस आमच्या व्यापाऱ्याकडे जायचा, म्हणून त्यांनी ओसरीवर माझी खाट टाकली. दोन महिन्यांची गोष्ट होती. मी तिथे तिसरं वर्ष काढत होतो.

पाटील पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. पहिले काही महिने मी त्यांच्या आवाजाला रोज घाबरलो. "जेवला काय बे, कोकण्या?" हे ते अशा स्वरात विचारायचे की मी काही चोरून खाल्लं असावं असं मलाच वाटे. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणत असे. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती एक बैलजोडी. ती शेतातल्या कामाला कधी लागली नाही. ती फक्त धावायची.

संक्रांतीनंतर त्या भागात शंकरपट भरतो. मोकळ्या रानात सरळ पट्टी आखायची, दोन जोड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडी पडली की सोडायच्या. बैलांमागे असते तिला छकडी म्हणतात. गाडी कसली, दोन चाकं, एक दांडा आणि बुडाखाली हातभर फळी. तिच्यावर धुरकरी बसतो. गुडघे छातीशी घेऊन, उकिडवा, एका हातात कासरा, दुसरा हात बैलाच्या शेपटीशी. धुरकरी अंगाने हलका लागतो. मी हलका होतो.

कोकणात मी बैल पाहिले होते ते चिखलात, नांगरापुढे. पहिल्यांदा छकडीत बसलो तेव्हा मी किंचाळलो. पाटील म्हणाले, "बैल भेत नाई, तू कावून भेतं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. मग रोज बसू लागलो. मला आयुष्यात कशाचा नाद नव्हता, हा एक लागला. दिवसभराचं काम उरकलं की तिन्हीसांजेला जोडी काढायची, नाल्यापर्यंत सोडायची आणि परत आणायची. तेवढा वेळ डोक्यातली काळजी मागे पडायची. घरी आई कशी असेल, उद्या व्यापाऱ्याने परत बोलावलं तर, आज मी कोरडा म्हटलेला बोरा खरंच कोरडा होता ना. काळजी करायला मला कारण लागत नसे. छकडीत मात्र तिला बसायला जागा नव्हती.

तिसऱ्या वर्षीच्या पटात चाक भेगेत गेलं. काळी जमीन सुकली की तिला वीतवीतभर भेगा पडतात. लोकांनी त्या बुजवल्या होत्या, एक राहिली. छकडी आडवी झाली, मी बाहेर फेकला गेलो, पण डावा पाय फळी आणि दांड्याच्या मध्ये राहिला. गुडघ्यातून आवाज आला, कोवळी भेंडी मोडावी तसा. दुखलं नाही, निदान लगेच नाही. मी बैलांकडे पाहिलं, ते उभे होते, ठीक होते. मग मी उठायला गेलो आणि उठता येईना.

त्या गर्दीत अकोल्याचा एक हाडवैद होता. म्हातारा, महानुभाव पंथाचा, रिद्धपूरला दर्शनाला चाललेला. वाटेत पट पाहायला थांबला होता. त्याने माझा गुडघा दोन्ही हातांत घेऊन चाचपला आणि म्हणाला, "हाड साबूत हाये. आतले पट्टे फाटले." कसल्याशा सालीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या, वर पिंजलेला कापूस, आणि त्यावर पाटलांच्या पागोट्याचं अर्धं कापड मांडीपासून पोटरीपर्यंत गुंडाळलं. शेवटी मांडीवर एक गाठ मारली.

"एकवीस दिवस वाकवजो नोको," तो मला म्हणाला. "वापस येतांनी पायतो."

घरी आणून मला खाटेवर निजवलं तेव्हा काकींनी ती गाठ नीट पाहून घेतली. "बापू, याले हात लावजो नोको," त्या म्हणाल्या. "ज्यानं बांधली त्यानंच सोडाची."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही देवऋष्याने बांधलेला गंडा देवऋषीच सोडतो. माझ्या एका चुलत्याने आपला गंडा आपणच सोडला होता आणि त्याच वर्षी त्याचं गलबत बुडालं, असं सगळे सांगत. गलबत फार जुनं होतं, हे कोणी सांगत नसे.

पाचव्या दिवशी पावलाला मुंग्या येऊ लागल्या. दहाव्या दिवशी त्या थांबल्या. मला वाटलं, उतार पडला. मग करंगळीला चिमटा काढून पाहिला, तर ती दुसऱ्या कोणाची तरी करंगळी होती. पाऊल वर उचलायला गेलो तर ते उचललं जाईना. मी चादर ओढून घेतली.

मी बोललो नाही. याचं कारण मी आजवर अनेकांना अनेक तऱ्हांनी सांगितलं आहे. खरं कारण साधं होतं. ज्या पाटलांपुढे गाव जोडे काढून उभं राहायचं, ते मला खांद्याला धरून परसात नेत आणि बाहेर पाठ करून उभे राहत. काकी ज्वारीची भाकरी चुरून, दुधात कालवून, मांडीपाशी आणून ठेवत. मी त्यांचा कोणी नव्हतो. अशा घरात 'कापड घट्ट झालंय' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"बरं हाये ना बे?" पाटील विचारायचे.

"बरं आहे."

दिवसातून चारदा हे व्हायचं. आईला पत्र लिहिलं त्यातही तेच लिहिलं. ती पत्रं तिला पंतोजी वाचून दाखवत, म्हणून अक्षर तेवढं सुबक काढलं.

एकवीस दिवस झाले. हाडवैद आला नाही. महिना झाला. रिद्धपूरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला पाटील थांबवून विचारत. मग कळलं की म्हातारा एलिचपूर-दर्यापूरच्या वाटेने केव्हाच अकोल्याला परतला होता. पाटलांनी दोनदा निरोप धाडला. 'येतो' असा निरोप उलट आला. तो काही आला नाही. शिमगा येऊन गेला. मी खाटेवरून होळीचा धूर पाहिला.

त्याच सुमारास मुंबईहून बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपत आली. कापसाचा भाव उतरला. व्यापाऱ्याने आपली माणसं माघारी बोलावली, आणि माझ्याविषयी लिहिलं की पाय बरा झाला की पाहू. नंतर त्याचं पत्र आलंच नाही. मला धक्का बसायला हवा होता. मी ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि छताचे वासे पाहत पडलो. पाय जसा मुका झाला होता तसं बाकीचंही झालं होतं. आमटीत मीठ नाही हे मला पाटलांच्या ओरडण्यावरून कळे.

गावातला एकजण एके दिवशी ओसरीवर येऊन म्हणाला, "पाटील, जोडी उभी राहून खराब व्हून राहिली. माह्या पोराले बसवा. हलकं हाये."

"जोडीले दुसरा हात नाई लागाचा," पाटील म्हणाले.

"मंग काय करता?"

"धुरकरी पडला हाये. मेला नाई."

तो माणूस माझ्याकडे पाहत उठून गेला. पाटलांच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला त्या वेळी कळलं, आणि त्यानंतर झोप उडाली. पुढच्या संक्रांतीला मी छकडीत उकिडवा बसू शकलो नाही, तर या घरात माझं काय काम? कापूस पाहायला कोणी ठेवलं नव्हतं. पाय लांब करून पंगतीला बसणारा परका माणूस किती दिवस पोसायचा? ते मला जा म्हणाले नसते. म्हणूनच जास्त भीती वाटे.

शेवटी चैत्रात पाटलांनी गाडी जुंपली. अकोल्याला नऊ-दहा बोरे जायचे होते. त्यांच्या मधोमध खळगा करून त्यांनी मला त्यात बसवलं. चार दिवस मी कापसात रुतून, आभाळाकडे तोंड करून, गाठ सोडवून घ्यायला निघालो होतो. हे कोणालाही चमत्कारिक वाटलं नाही.

मोर्णा नदी आटली होती. पात्रातली डबकी ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो. गल्ली इतकी अरुंद की बोरे दोन्हीकडच्या भिंतींना घासत होते. हाडवैद आपल्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. पाटलांनी मला उचलून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने कापडाकडे पाहिलं आणि त्याचा अंगठा तळहातावर थांबला.

"हे अजून बांधलंच हाये?"

"तुमी आलेच नाई," पाटील म्हणाले. "दोन महिने वाट पायली."

"मी एकवीस दिवस म्हनलं व्हतं!"

"म्हनले. पन सोडाले तुमी पायजे ना."

"मी कायले? घरच्या बाईनं सोडाचं! नाई त याचे दोन हात शाबूत हायेत!"

"बांधनाऱ्यानंच सोडाची, अशी रीत हाये."

"रीत गंड्याची, पाटील!" म्हातारा उठून उभा राहिला. "आमच्या पंथात गंडेदोरे चालत नाईत, आन तुमी माह्याच हातचा गंडा करून ठेवला? घोड्याले बांधतो ना मी, तसं कापड हाये हे! घोडं तीन आठवड्यांनी दातानं फाडून टाकते. घोड्याले अक्कल हाये!"

पाटील ओट्याच्या पायरीवर बसले. मग म्हातारा माझ्याकडे वळला.

"आन तू बे? पाय तुहा ना? मुंग्या आल्या?"

"आल्या."

"मंग?"

"थांबल्या."

"कवा?"

"दहाव्या दिवशी."

"मंग बोलला कावून नाई?"

मी पाटलांकडे पाहिलं. "त्यांना त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने तंबाखू तोंडात टाकली. "घ्या पाटील. लंगडा झाला, पन तुमाले त्रास नाई देल्ला यानं."

गाठ त्याने एका झटक्यात सोडली. कापड उलगडलं तेव्हा आतला पाय हिरव्या बांबूसारखा बारीक निघाला. गुडघा दोन बोटंही वाकेना. पाऊल पुढे लोंबत होतं. म्हाताऱ्याने पोटरीच्या बाहेरच्या बाजूला नख टेकवून विचारलं, "कळते?" मी मान हलवली, नाही. तो नख वरखाली फिरवत राहिला आणि मी मान हलवत राहिलो.

"घरी रुई तुडवता?" त्याने पाटलांना विचारलं.

"तुडवतो."

"याले बोऱ्यात उतरवा. रोज. पडतो म्हनलं तरी पडाले जागा नाई. कापूस जेवढं वाकू देईन तेवढंच वाकन. वरून सरकीचा शेक, जवसाचं तेल."

"आणि हे?" मी बधिर जागेवर हात ठेवला. "हे कधी कळायला लागेल?"

"दुखलं की समज, आलं," तो म्हणाला.

परतताना पाटील दोन दिवस बैलांशीच बोलले. तिसऱ्या दिवशी एका विहिरीपाशी बैल सोडले तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले सांगाले पायजे व्हतं."

"हो."

"मी खातो काय तुले?"

"नाही."

"मंग?"

त्यांनी बैलांना पाणी पाजलं. निघताना म्हणाले, "गाठीचं काकीले सांगजो नोको. रडन उगीच."

मग मी रुई तुडवू लागलो. बायका रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर, सरकी आणि रुई वेगळी करत. ती रुई बोऱ्यात भरायची. लाकडी चौकटीला बोरा तोंडाशी टांगलेला असतो, तुडवणारा आत उतरतो, वरून रुई टाकत जातात आणि तो पायाने दाबत दाबत हळूहळू वर येतो. हे काम करणारा पाटलांकडे एक म्हातारा होता. सगळा जन्म त्याने बोऱ्यात काढला होता. मला आत सोडताना त्याने माझ्या बगलांत हात घातले होते, बाळाला न्हाणीत उतरवावं तसे. नंतर तो काठाशी बसून विडी ओढी आणि बोले.

"कोकण्या, नाचून राहिला का पोहून राहिला बे?"

"तुडवतोय."

"तुडवून राहिला? मले वाटलं समुद्र आठवला याले."

आत सगळं पांढरं आणि अंधारं असे. नाकात तंतू जात. आपल्याच श्वासाचा आवाज येई, बाकी बाहेरचं सगळं दूर. डावा पाय मी हातांनी मांडीला धरून उचलायचो आणि खाली सोडायचो. तो खाली पोचला हे मला रुई दबल्यावरून कळायचं. आज बरं वाटलं, काल वाईट वाटलं, असं काही नव्हतं. उतरायचं, तुडवायचं, बाहेर काढून घ्यायचं. सुताराकडे रंधा चालावा तसा दिवस चाले.

काकींनी माप काढलं होतं. मला पालथं निजवून त्या गुडघा वाकेल तेवढा वाकवत, आणि टाच ते मांडी एवढा सुताचा दोरा तोडून ओसरीच्या खुंटीला बांधत. आठ दिवसांनी नवा दोरा. वैशाखात दोरे भराभर तोकडे होत गेले. पाऊलही थोडं थोडं उचलू लागलं. चालताना त्याचा फटक-फटक आवाज होई, पण मी चालत होतो. मग पाऊस लागला, रुईचं काम बंद झालं, आणि काळ्या चिखलात दोनदा पाय सरकून गुडघा पुन्हा सुजला. श्रावणापासून दसऱ्यापर्यंतचे दोरे सगळे एकाच लांबीचे होते. काकी तरीही बांधत राहिल्या.

त्या दिवसांतली एक गोष्ट. सरकी तव्यावर भाजून, फडक्यात बांधून, मी गुडघ्याला शेक देत बसलो होतो. विचार कुठेतरी होते, बहुधा कुठेच नव्हते. काकी आतून धावत आल्या. त्यांना वास आला होता. पुरचुंडी गुडघ्यावरून घसरून खाली त्या मुक्या जागेवर बसली होती आणि तिथली कातडी वर उचलली गेली होती. काकींनी पुरचुंडी फेकली आणि पदर तोंडाला लावला.

"दुखत नाही काकी," मी म्हणालो. त्यांना धीर द्यावा म्हणून.

"म्हनूनच त रडून राहिली ना मी!" त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर कापूस आला. गाड्या आधीसारख्या नव्हत्या. पुन्हा बोरा टांगला, पुन्हा मी आत उतरलो. दोरा चार बोटं कमी झाला आणि मग तिथे थांबला तो थांबलाच. वीत आणि वर चार बोटं. चालायला पुरेसा, पायरी चढायला पुरेसा. उकिडवं बसायला नाही.

संक्रांत जवळ आली. एका दुपारी घरी कोणी नसताना मी गोठ्यामागे ठेवलेली पाटलांची जुनी मोडकी छकडी सरळ केली आणि तिच्यावर बसून पाहिलं. उजवा गुडघा छातीशी आला. डावा मध्येच अडला, मला मागे रेटलं, आणि मी शेणात बसलो. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा शेणातच. उठून अंग धुतलं. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. हे होणार हे दोऱ्यांनी आधीच सांगितलं होतं.

पटाच्या दोन दिवस आधी मी माझं गाठोडं बांधलं. बडनेऱ्याजवळ आगगाडीच्या रुळांचं काम चालू होतं, तिथे लिहिता-वाचता येणारा माणूस मातीच्या पाट्यांवर देखरेखीला घेत. मग पाटलांसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते निराळंच.

"पाटील, माझा गुडघा पुरता वाकत नाही. मी बसून पाहिलं. नाही होत. जोडीला दुसरा धुरकरी बघा. माझ्यासाठी तिला आणखी उभी ठेवू नका."

पाटील दात कोरत होते. त्यांनी काडी टाकली. "झालं बोलून?"

"हो."

"चाल."

ते मला सुताराच्या घरी घेऊन गेले. छपराखाली एक छकडी उभी होती. चाकं तीच, दांडा तोच. फळीच्या डाव्या बाजूने मात्र बाभळीची एक अरुंद पट्टी पुढे आली होती, तिच्या टोकाला टाच टेकायला खोलगट खाच, आणि खाचेवर चामड्याचा पट्टा. मी वाकून पाहिलं. लाकूड नवं नव्हतं. त्याला तेल पिऊन रंग चढला होता.

"केव्हा केलं हे?"

"महिना झाला."

"महिना? आणि तेव्हापासून..."

"खुंटीवरचा शेवटचा दोरा नेला आन सुताराले देल्ला. म्हनलं, पोट्ट्याचा पाय एवढाच वाकते. एवढ्या पायाची बनव."

"मग सांगितलं का नाही?"

"तू कवा सांगतं ते पायत व्हतो," पाटील म्हणाले.

पटाच्या दिवशी मी तिच्यावर बसलो. उजवा पाय छातीशी, डावा पुढे पसरलेला, टाच पट्ट्यात. गर्दीला हे नवीन होतं.

"अरे, धुरकरी हाये का नवरदेव? पाय पसरून बसला!"

"पाय दाबाले मानूस पायजे का बे, कोकण्या?" हा बोऱ्यातला म्हातारा. तो आमच्याच बाजूचा होता.

पंचांपैकी एकजण येऊन पट्टी हलवून पाहू लागला. म्हणाला, जास्तीचं लाकूड हाये. पाटील म्हणाले, "हाये ना. वजन आमचेच बैल ओढतीन. तुमच्या बापाचं काय जाते?" पंच हसला आणि बाजूला झाला.

झेंडी पडली. जोडी वर्षभर अशी धावली नव्हती. मला वाटलं होतं, वारा कानात भरला की जुनं सगळं परत येईल. तसं झालं नाही. मी कासरा धरून होतो, बैलांच्या पाठी वरखाली होत होत्या, माती तोंडावर येत होती, आणि मी हे सगळं बोऱ्याच्या आतून पाहावं तसा पाहत होतो. अर्ध्या पट्टीवर चाक कशावरून तरी उडालं आणि टाच खाचेत आपटली. गुडघ्यापासून निघालेली एक कळ त्या मुक्या जागेला वळसा घालून थेट करंगळीपर्यंत गेली. विंचू चावावा तशी. मी ओरडलो. बैलांना वाटलं मी त्यांना म्हणतोय. ते आणखी जोरात सुटले.

आम्ही हरलो. बैलभर मागे राहिलो. पाटील धापा टाकत पट्टीच्या टोकाशी आले.

"काय झालं? ओरडला कावून?"

"दुखलं."

"कुठी?"

मी करंगळी दाखवली. त्यांनी खाली बसून ती दोन बोटांत धरली आणि कचकन दाबली. मी पुन्हा ओरडलो.

घरी पोचल्यावर त्यांनी जोडे काढायच्या आधीच आत हाक मारली. हरलो की जिंकलो ते सांगितलंच नाही. "आयकलं काय वं? याचा पाय दुखून राहिला!"

काकी बाहेर आल्या, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा आत गेल्या. माझं गाठोडं खाटेखाली होतं, ते मी पायाने आणखी आत सारलं. थोड्या वेळाने सरकी भाजल्याचा वास आला. काकींनी फडक्यात पुरचुंडी बांधून आणली, आणि माझ्या हातात देण्याआधी ती स्वतःच्या गालाला लावून पाहिली.